शुक्राणूंवरचा उसना रक्तगट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ओ निगेटिव्ह, नवरा एबी पॉझिटिव्ह. दीड वर्षापासून प्रयत्न करतोय, पण दिवस राहत नाहीत. ह्यांची वीर्य तपासणी नॉर्मल आली आहे. कुणीतरी सांगितलं की शुक्राणूंवरही रक्तगट असतो आणि ओ गटाच्या बाईच्या अंगातल्या अँटिबॉडी ए-बी गटाचे शुक्राणू आतच मारून टाकतात. हे खरं आहे का? यावर काही उपचार आहे का?"

ताई, तुम्ही ऐकलं त्यातला पहिला भाग खरा आहे. शुक्राणूंवर ए आणि बी हे रक्तगटाचे अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्यांना ओळखून चिकटतात त्या खुणा, सापडतात. दुसरा भाग, म्हणजे तुमच्या अँटिबॉडी ते शुक्राणू मारतात हा, १९६० च्या सुमाराला गांभीर्याने मांडला गेला होता. पुढच्या तपासात तो टिकला नाही. तो का टिकला नाही हे नीट कळलं की तुमची काळजी बरीच कमी होईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. रक्तपेढी आणि शुक्राणू प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी काम केल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी त्यामागची भीती सारखीच असते: आपलं रक्तच आपल्या संसाराच्या आड येतंय की काय.

एबीओ रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९२६ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्याबरोबर मानवी शुक्राणूंवर रक्तगटाचे पदार्थ असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी जपानमध्ये यामाकामी यांनी हे पदार्थ लाळेत आणि वीर्यातही असतात हे मांडलं. म्हणजे रक्तगट फक्त रक्तात नसतो हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. खरा वाद पुढे सुरू झाला. शुक्राणूवर दिसणारा ए किंवा बी त्याने स्वतः तयार केलेला असतो, की बाहेरून येऊन त्याला चिकटलेला असतो?

हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

शुक्राणूमध्ये वडिलांच्या गुणसूत्रांचा निम्माच वाटा असतो. तुमच्या मिस्टरांचा गट एबी आहे, म्हणजे त्यांच्या निम्म्या शुक्राणूंत ए चा जीन आणि निम्म्यांत बी चा जीन. शुक्राणू आपला रक्तगट स्वतः तयार करत असता तर अर्धे शुक्राणू ए गटाचे आणि अर्धे बी गटाचे दिसले असते. १९५७ मध्ये गुलब्रिंग यांनी नेमका असाच निष्कर्ष काढला. त्याने खळबळ उडाली, कारण तो खरा ठरला असता तर शुक्राणू रक्तगटानुसार वेगळे काढता येतील असं वाटू लागलं होतं. काहींना तर त्यात बाळाचा रक्तगट आधीच निवडण्याची शक्यता दिसू लागली.

मग १९६४ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट एडवर्ड्स, फर्ग्युसन आणि रॉबिन कूम्ब्स यांचं काम आलं. एडवर्ड्स म्हणजे पुढे टेस्ट ट्यूब बेबीसाठी २०१० चं नोबेल मिळालेले तेच. कूम्ब्स म्हणजे ज्यांच्या नावाची 'कूम्ब्स टेस्ट' प्रत्येक निगेटिव्ह गटाच्या गरोदर बाईच्या फाइलमध्ये असते तेच. त्यांनी वापरलेली पद्धत मला आजही फार सुंदर वाटते. शुक्राणूंमध्ये अँटी-ए, म्हणजे ए ला चिकटणारी अँटिबॉडी, घालायची, मग धुऊन जादा अँटिबॉडी काढून टाकायची आणि त्यात ए गटाच्या तांबड्या पेशी मिसळायच्या. शुक्राणूवर ए असेल तर अँटिबॉडीचा एक हात शुक्राणूला आधीच धरलेला असतो. दुसऱ्या हाताने ती तांबडी पेशी पकडते. सूक्ष्मदर्शकाखाली शेपूट हलवणाऱ्या शुक्राणूला लटकलेल्या तांबड्या पेशी दिसतात, आणि उत्तर डोळ्यांपुढे असतं.

त्यांना आढळलं ते असं. ए आणि बी अँटिजेन 'सिक्रेटर' पुरुषांच्या शुक्राणूंवर मिळतात, 'नॉन-सिक्रेटर' पुरुषांच्या शुक्राणूंवर मिळत नाहीत. सिक्रेटर म्हणजे ज्यांच्या लाळेत, वीर्यद्रवात आणि इतर स्रावांत रक्तगटाचे पदार्थ विरघळलेल्या रूपात उतरतात अशी माणसं. साधारण ८० टक्के लोक सिक्रेटर असतात. रक्तगट सारखाच असलेल्या दोन पुरुषांपैकी एकाच्या शुक्राणूंवर तो दिसतो आणि दुसऱ्याच्या दिसत नाही, तर मग तो शुक्राणूचा अंगचा गुण कसा म्हणायचा? तो वीर्यद्रवातून आलेला असणार. ओ गटाच्या पुरुषाचे शुक्राणू ए गटाच्या सिक्रेटरच्या वीर्यद्रवात ठेवले की तेही चाचणीत ए सारखे वागू लागतात. पांढरा सदरा रंगाच्या पाण्यात बुडवावा तसं हे आहे.

रक्तपेढीतल्या लोकांना यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं, कारण असाच प्रकार तांबड्या पेशींच्या बाबतीत आधीच माहीत झाला होता. लुईस नावाच्या आणखी एका रक्तगटाचे अँटिजेन तांबड्या पेशी स्वतः बनवत नाहीत. ते रक्तद्रवातून येऊन पेशीवर बसतात, आणि पेशी दुसऱ्या माणसाच्या रक्तद्रवात ठेवली तर तिचा लुईस गट बदलतो. हे १९५५ मध्येच दाखवून झालं होतं.

यामागची रसायनं साधी आहेत. ए, बी आणि ओ गटातला एच हे सगळे साखरेचे छोटे तुकडे आहेत. मूळ साखळीला फ्युकोज नावाची साखर जोडली की एच तयार होतो. एच वर आणखी एक साखर बसली की ए, दुसरी एक बसली की बी. ही शेवटची साखर जोडणारं विकर नवव्या गुणसूत्रावरच्या एबीओ जीनमधून येतं. पण त्याआधी एच तयार झालेला हवा. तांबड्या पेशींत एच बनवण्याचं काम एफयूटी-१ हा जीन करतो आणि स्रावांमध्ये एफयूटी-२. दोन्ही एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. ज्यांचा एफयूटी-२ निकामी, ते नॉन-सिक्रेटर. वीर्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि पुरस्थ ग्रंथीतून येतो, वृषणातून नाही. शुक्राणू वृषणात तयार होतात, एपिडिडिमिस या वृषणामागच्या नळीत पक्व होतात आणि अगदी शेवटी, वीर्य बाहेर पडताना, या द्रवात मिसळतात. म्हणून एबी गटाच्या सिक्रेटर पुरुषाच्या प्रत्येक शुक्राणूला ए आणि बी दोन्ही चिकटलेले असतात, आत कुठलाही जीन असो. शुक्राणूवरचा गट पाहून बाळाचा गट सांगता येत नाही.

न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी वीर्याच्या या गुणाचा डीएनए चाचणी येण्याआधी कित्येक दशकं उपयोग केला. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात, तरी तो सिक्रेटर असेल तर डागावरून गट निघायचा. गट तर द्रवातच असतो. याच ठिकाणी सोव्हिएत रशियात एक भयंकर चूक झाली. आंद्रेई चिकातिलो या खुन्याला १९८४ मध्ये पकडलं होतं. त्याचं रक्त ए गटाचं निघालं, आणि गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या वीर्याचा अहवाल एबी होता. त्याच्यावरचा संशय दूर झाला आणि १९९० मध्ये तो पुन्हा पकडला जाईपर्यंत खून होत राहिले. रक्ताचा गट एक आणि वीर्याचा दुसरा असणारी माणसं असतात, असं स्पष्टीकरण नंतर पुढे केलं गेलं. मला ते पटत नाही. रक्त आणि वीर्य दोन्हीकडे शेवटची साखर जोडणारा एबीओ जीन एकच असतो. नॉन-सिक्रेटरच्या वीर्यात गट दिसणार नाही, पण ए चा एबी होणार नाही. प्रयोगशाळेतली चूक हेच त्याचं पटणारं कारण.

आता तुमच्या अँटिबॉडींकडे वळतो. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात अँटी-ए आणि अँटी-बी असतात. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या संशोधकांनी त्या गर्भाशयाच्या स्रावातही सापडतात हे दाखवलं, आणि १९६० मध्ये त्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं. पती-पत्नीचा एबीओ गट न जुळणं हे वंध्यत्वाचं एक कारण असू शकतं, असं त्यांनी मांडलं. तुमच्यापर्यंत आलेली गोष्ट बहुधा तिथूनच निघाली आहे. कल्पना वेडगळ नव्हती. शुक्राणूंवर अँटिजेन आहे, स्रावात अँटिबॉडी आहे, मग दोन्ही भिडतील असं वाटणं स्वाभाविक होतं. पण नंतर इतरांनी केलेल्या तपासण्यांत न जुळणाऱ्या जोडप्यांमध्ये वंध्यत्व वाढल्याचं ठामपणे दिसलं नाही.

त्याचं एक कारण तुम्हाला प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामातून सांगतो. माणूस सिक्रेटर आहे का हे पाहायचं तर त्याच्या लाळेत आम्ही अँटी-ए मिसळतो. लाळेत विरघळलेला ए पदार्थ असेल तर तो अँटिबॉडीला आधीच धरून ठेवतो आणि नंतर घातलेल्या ए पेशींच्या गुठळ्या होत नाहीत. वीर्यद्रव अगदी हेच करतो. शुक्राणूंवर ए चढवणारा जो द्रव, त्याच द्रवात सुटा ए भरपूर असतो, आणि अँटिबॉडी शुक्राणूपर्यंत पोचण्याआधी त्यात अडकते. शिवाय अँटिबॉडी चिकटली म्हणजे पेशी मेली असं होत नाही. मारण्याचं काम कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं करतात, आणि गर्भाशयमुखाच्या स्रावात त्यांची ताकद रक्तापेक्षा बरीच कमी असते. त्यातूनही जी असते तिला रोखायला शुक्राणूंवर सीडी-५५ आणि सीडी-५९ ही रक्षक प्रथिनं असतात. गंमत अशी की हीच दोन प्रथिनं तांबड्या पेशींवरही असतात आणि दोन्ही स्वतंत्र रक्तगट प्रणाली म्हणून नोंदलेली आहेत. सीडी-५५ च्या प्रणालीचं नाव क्रोमर. तेव्हा रक्तगटाचं प्रथिन शुक्राणूंवर सापडणं ही नेहमी शत्रुत्वाची खूण नसते, कधी ते संरक्षणासाठीच असतं.

पण मला सगळ्यात पटणारा पुरावा आपल्या मुंबईतला आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट मांडला. जगभर तो 'बॉम्बे' नावाने ओळखला जातो. त्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटात असणारा एच सुद्धा नाही. त्यांचा एफयूटी-१ आणि एफयूटी-२ दोन्ही निकामी असतात. अशा माणसाच्या रक्तात अँटी-ए आणि अँटी-बी तर असतातच, शिवाय जोरदार अँटी-एच असते. म्हणूनच त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. आता बॉम्बे गटाची बाई डोळ्यांपुढे आणा. नवरा सिक्रेटर असेल, आणि बहुतेक पुरुष असतातच, तर त्याच्या शुक्राणूंवर ए, बी किंवा एच पैकी काहीतरी असणार, आणि त्या प्रत्येकाविरुद्ध तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार असणार. रक्तगटाच्या अँटिबॉडी शुक्राणूंना अडवत असत्या तर या बायकांना मूल होणं जवळपास अशक्य झालं असतं. प्रत्यक्षात त्यांतल्या कित्येक जणींचा बॉम्बे गट पहिल्यांदा कळतो तोच गरोदरपणातल्या तपासणीत किंवा बाळंतपणाच्या वेळी रक्त लागतं तेव्हा! रक्तपेढीची सगळी धावपळ तेव्हा बाटली मिळवण्यासाठी असते, गर्भ राहण्याचा प्रश्न आधीच सुटलेला असतो.

एक जवळचा अपवाद सांगायला हवा, म्हणजे चित्र अर्धवट राहणार नाही. पी नावाच्या वेगळ्या रक्तगटाचे अँटिजेन नसलेल्या अत्यंत दुर्मीळ बायकांच्या रक्तात एक तीव्र अँटिबॉडी असते आणि त्यांचे सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार गर्भपात होतात. पण तिथेही मारा शुक्राणूंवर होत नाही, वार तयार होत असतानाच्या पेशींवर होतो. साध्या अँटिबॉडी स्क्रीनिंगमध्ये ती लपत नाही, सगळ्या पेशींबरोबर गुठळ्या होतात आणि प्रयोगशाळा लगेच सावध होते.

शुक्राणूंविरुद्धच्या अँटिबॉडी नावाचा प्रकार मात्र खरा आहे, फक्त तो एबीओ गटाचा नाही. पुरुषाच्या स्वतःच्या शरीरात त्या तयार होऊ शकतात, विशेषतः नसबंदीनंतर, वृषणाला मार बसल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर. काही बायकांमध्येही त्या आढळतात. एका वंध्यत्व असलेल्या बाईच्या पेशींपासून जपानी संशोधकांनी अशी एक अँटिबॉडी वेगळी केली. तिने शुक्राणूवर ओळखलेला तुकडा म्हणजे साखरेची एक लांब साखळी निघाली, नवजात बाळाच्या तांबड्या पेशींवर असणाऱ्या 'छोट्या आय' अँटिजेनशी नातं असलेली. १९८८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रक्तगट आणि शुक्राणू यांचं खरं वैद्यकीय नातं शोधायचं तर ते इथे आहे. अशा अँटिबॉडींसाठी 'मार' (एमएआर) नावाची चाचणी करतात. तिची मूळ पद्धत कूम्ब्स यांच्या तंत्रावरूनच आली आणि तिच्यात आरएच पॉझिटिव्ह तांबड्या पेशी वापरत. तुमच्या मिस्टरांच्या वीर्य तपासणीत शुक्राणू एकमेकांना डोक्याने किंवा शेपटीने चिकटलेले दिसले असं लिहिलेलं असेल, तरच ही चाचणी करून घ्या. तसं नसेल तर सध्या गरज नाही.

तुमच्या निगेटिव्ह असण्याचा शुक्राणूंशी संबंधच नाही. आरएच डी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा अँटिजेन, हा साखरेचा तुकडा नाही, ते तांबड्या पेशीच्या आवरणात रुतलेलं प्रथिन आहे. ते वीर्यद्रवात विरघळत नाही आणि शुक्राणूंवर नसतं. लेव्हिन आणि सेलानो यांनी १९६१ मध्येच याचा शोध घेतला होता. पतीच्या पॉझिटिव्ह असण्यामुळे संबंधातून तुमच्या अंगात अँटी-डी तयार होत नाही. प्रश्न येतो तो बाळाच्या तांबड्या पेशी तुमच्या रक्तात मिसळल्या तर. आणि इथे तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे. ओ आई आणि एबी बाप यांचं मूल ए किंवा बी गटाचंच होतं (अगदी विरळा अपवाद सोडून), म्हणजे तुमचं प्रत्येक बाळ एबीओच्या बाबतीत तुमच्याशी न जुळणारं असणार. अशा बाळाच्या पेशी तुमच्या रक्तात आल्या की तुमच्या अँटी-ए, अँटी-बी त्यांना चटकन नष्ट करतात, आणि शरीराला डी विरुद्ध अँटिबॉडी बनवायची संधी कमी मिळते. हे लेव्हिन यांनी १९४३ च्या सुमाराला ओळखलं होतं. तुम्ही ज्या अँटिबॉडींना घाबरत आहात त्या इथे तुमच्या बाजूने काम करतात. पण हे संरक्षण अपुरं असतं, म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन चुकवायचं नाही. २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला किंवा गर्भ नळीत राहिला, तरीही ते लागतंच.

एबीओ न जुळण्याचा खरा परिणाम दिसतो तो जन्मानंतर. ओ गटाच्या आईच्या ए किंवा बी गटाच्या बाळाला पहिल्या दिवसापासून कावीळ दिसू शकते, पहिलं बाळ असलं तरी. बहुतेक वेळा निळ्या दिव्याखाली ठेवून भागतं. बालरोगतज्ज्ञांना तुमचा गट आधीच सांगून ठेवा आणि लवकर घरी जाण्याचा आग्रह धरू नका.

आपल्याकडे याच्या उलट समजूतही जोरात आहे, की नवरा-बायकोचा गट एकच असेल तर मूल होत नाही किंवा व्यंग घेऊन येतं. पत्रिकेतल्या एकनाडी दोषाला हल्ली याच कारणाचा शास्त्रीय मुलामा दिला जातो. त्याला काहीही आधार नाही. पती-पत्नीचा एबीओ गट सारखा असला की उलट वर सांगितलेल्या काविळीचाही प्रश्न उरत नाही. न जुळणाऱ्यांना एक भीती आणि जुळणाऱ्यांना दुसरी, अशी दोन्हीकडून लग्नाळू मुला-मुलींची कोंडी होते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपचारांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. 'ब्लड ग्रुप जुळत नाही' म्हणून कुणी नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं सुचवली तर घेऊ नका. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी हा प्रकार एके काळी बराच चालला. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००२ मध्ये तो संशोधनाच्या चौकटीबाहेर वापरण्यावर बंधन घातलं. तुमच्यासाठी तर तो थेट धोक्याचा आहे. त्या इंजेक्शनात तुमच्या मिस्टरांच्या थोड्या जरी पॉझिटिव्ह तांबड्या पेशी आल्या, तरी ज्या अँटी-डीपासून आम्ही तुम्हाला जपतो तीच तयार होऊ शकते.

दीड वर्ष झालंय, तेव्हा वाट पाहत बसू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, तपासणी सुरू करावी असा सर्वसाधारण नियम आहे. अंडं वेळेवर फुटतंय का, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन कसं आहे, नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहून घ्या. नळ्या बंद होण्यामागे आपल्या देशात गर्भाशयाचा क्षय हे अजूनही एक मोठं कारण आहे आणि त्याची लक्षणं बऱ्याचदा काहीच नसतात. नॉर्मल असा एकच वीर्य अहवाल पाहून समाधान मानू नका, काही आठवड्यांनी दुसरा करून घ्या. पुढे आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) करायची वेळ आली आणि 'स्पर्म वॉशिंग' असा शब्द ऐकलात तर ते रक्तगट धुऊन काढण्यासाठी आहे असं समजू नका. वीर्यद्रव थेट गर्भाशयात गेला तर त्यातल्या प्रोस्टाग्लँडिनमुळे जोरात कळा येतात, म्हणून शुक्राणू वेगळे काढून घेतात.

आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट आताच करून घ्या, दिवस राहायची वाट न पाहता. पूर्वी कधी रक्त चढवलं असेल, किंवा लक्षात न आलेला गर्भपात झाला असेल, तर त्यामुळे अँटी-डीसारखी अँटिबॉडी तयार झाली आहे का, ते त्यात कळेल. ती निगेटिव्ह आली की तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा.